मॉडेल रेल्वेचं इंजिन आणि वॅगन भारतीय कशी बनवायची? बदल आणि रंगकामाची सविस्तर माहिती

मॉडेल रेल्वेचा छंद असणाऱ्या बहुतेकांना एक अडचण येते. बाजारात मिळणारी चांगली मॉडेल्स जर्मन, ब्रिटिश किंवा अमेरिकन गाड्यांची असतात. आपल्या डोळ्यांसमोरून रोज जाणारी गाडी मात्र तयार मिळणं कठीण. मग उपाय एकच : परदेशी मॉडेल घ्यायचं, त्यात बदल करायचे आणि ते आपल्या रंगात रंगवायचं.

मी खडकीत राहतो. पुणे-मुंबई मार्गावरचं हे स्टेशन माझ्यासाठी संदर्भग्रंथच आहे. या लेखात इंजिन आणि वॅगनमधले बदल, रंगकाम आणि नंबर टाकणं हे सगळं क्रमाने पाहू.

आधी वर्ष ठरवा

रंगाची बाटली उघडण्याआधी स्वतःला विचारा, माझी गाडी कोणत्या वर्षातली आहे? रंग, नंबर, डब्याची लांबी, इंजिनाचा प्रकार हे सगळं या एका उत्तरावर अवलंबून असतं.

डेक्कन क्वीनचंच बघा. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ही गाडी आम्हा खडकीकरांना निळ्या-पांढऱ्या रंगात पाहायची सवय होती. जून २०२२ मध्ये तिला एलएचबी डबे मिळाले आणि रंग हिरवा झाला. आता एखाद्याने जुन्या निळ्या मॉडेलला नुसता हिरवा रंग दिला तर चालेल का? नाही. जुन्या आयसीएफ डब्याची लांबी २१.३४ मीटर, तर एलएचबीची सुमारे २३.५४ मीटर. १:८७ प्रमाणात हे अनुक्रमे २४५ आणि २७१ मि.मी. होतं. अडीच सेंटीमीटरचा फरक रंगाखाली लपत नाही.

दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. जुना रंग रुळांवरून गेला की तो फक्त फोटोंत उरतो, आणि फोटोत रंगछटा हमखास बदलते. म्हणून वर्ष ठरवून नीट रंगवलेलं मॉडेल म्हणजे त्या गाडीची एक नोंदच असते. चुकीचं मॉडेलही नोंदच असतं, पण पुढच्या माणसाची दिशाभूल करणारी.

प्रमाण आणि रुळांचा घोळ

सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, म्हणजे १:८७. काही उपयोगी मापं :

- डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन : १७.१२ मीटर, मॉडेलमध्ये १९७ मि.मी.
- डब्ल्यूएपी-७ विजेचं इंजिन : २०.५६ मीटर, मॉडेलमध्ये २३६ मि.मी.
- बॉक्सएन वॅगन : कपलरसकट १०.७१ मीटर, मॉडेलमध्ये १२३ मि.मी.

आता घोळ. एचओचे रूळ एकमेकांपासून १६.५ मि.मी. अंतरावर असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मि.मी. गेजसाठी आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मि.मी. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ मि.मी. यायला हवेत. म्हणजे भारतीय गाडी एचओ रुळांवर जवळपास ३ मि.मी. अरुंद पायांवर उभी राहते. हे दुरुस्त करायचं तर रूळ, पॉईंट आणि चाकं सगळंच हाताने बनवावं लागतं. नवशिक्यांनी ही तडजोड स्वीकारावी आणि मेहनत बॉडी व रंगावर घालावी, असं मला वाटतं.

कोणतं मॉडेल घ्यायचं?

बॉडी बदलता येते, पण मोटर आणि बोगी बनवणं अवघड. त्यामुळे मॉडेल निवडताना खालचा भाग बघा. डब्ल्यूडीएम-२ चं मूळ डिझाईन अमेरिकेच्या अल्को कंपनीचं. पहिली इंजिनं १९६२ मध्ये आली आणि नंतर ती वाराणसीत बनू लागली. तिच्या बोगीत तीन चाकजोड्या असमान अंतरावर असतात. अल्कोच्याच आरएसडी मालिकेतल्या काही इंजिनांना अशाच घडणीची बोगी होती आणि त्यांची एचओ मॉडेल्स निघालेली आहेत. अशा मॉडेलचा सांगाडा घेऊन वर प्लॅस्टिक शीटची बॉडी चढवता येते. आधी चाकांमधलं अंतर मोजून खात्री करा.

वॅगन त्या मानाने सोपी. योग्य लांबीची उघडी वॅगन घ्या, बाजूच्या उभ्या पट्ट्या घासून काढा आणि ०.५ मि.मी. प्लॅस्टिक पट्टीच्या नवीन लावा. पहिलं मॉडेल बॉक्सएनचंच करा.

जुना रंग काढणं

१. मोटर, सर्किट, काचा आणि चाकं काढून ठेवा.
२. आयसोप्रोपिल अल्कोहोल आतल्या बाजूला थोडं लावून पाहा. प्लॅस्टिक मऊ पडत नसेल तरच बॉडी त्यात भिजवा आणि जुन्या टूथब्रशने घासा.
३. एनसी थिनर किंवा अॅसिटोन अजिबात वापरू नका. प्लॅस्टिक विरघळतं.
४. भांडी घासायच्या साबणाने धुवा, वाळवा आणि त्यानंतर कडा धरूनच हाताळा. बोटाचं तेल लागलं की तिथे रंग धरत नाही.

खिडक्या उघड्या ठेवा, मास्क लावा आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको.

रंग देण्याचा क्रम

सर्वात आधी करडा प्रायमर. घासल्याचे ओरखडे आणि सांधे त्यात लगेच दिसतात. मग फिकट रंग आधी, गडद नंतर. डब्ल्यूएपी-७ ला पांढऱ्यावर लाल पट्टा असतो, म्हणून आधी पांढरा, मग मास्किंग टेप लावून लाल. टेपच्या कडेवर पुन्हा पांढऱ्याचा एक पातळ हात मारा. टेपखाली काही झिरपलंच तर तो पांढराच झिरपतो आणि लालची रेघ स्वच्छ येते.

एअरब्रश असेल तर दाब १५ ते २० पीएसआय पुरेसा. पातळ तीन-चार हात द्या. जाड हात दिला तर रिव्हेट आणि जाळ्या बुजतात. खऱ्या गाडीचा रंग मॉडेलला जसाच्या तसा लावला तर जास्त गडद दिसतो, म्हणून त्यात थोडा पांढरा किंवा करडा मिसळा.

पुण्याच्या पावसाळ्यात विशेष जपायला हवं. हवा दमट असताना स्प्रे कॅन मारला की रंगावर पांढुरकी झाक येते. जुलै-ऑगस्टमध्ये मी फक्त कापाकापी आणि चिकटवणं करतो. रंग ऑक्टोबरनंतर.

नंबर टाकताना हिशोब करा

भारतीय वॅगनचा नंबर ११ अंकी असतो. पहिले २ वॅगनचा प्रकार, पुढचे २ मालक रेल्वे, पुढचे २ बांधणीचं वर्ष, मग ४ त्या वॅगनचा क्रमांक आणि शेवटचा तपासणी अंक. तो असा काढतात :

- समजा पहिले दहा अंक १० ०१ ०४ २७३५ आहेत.
- सम स्थानांवरचे अंक : ० + १ + ४ + ७ + ५ = १७. त्याची तिप्पट ५१.
- विषम स्थानांवरचे अंक : १ + ० + ० + २ + ३ = ६.
- एकूण ५७. पुढची दहाची पट ६०. फरक ३, म्हणून शेवटचा अंक ३.

यातला ०४ म्हणजे २००४. तुमचा देखावा १९९८ चा असेल तर ही वॅगन त्यात चालणार नाही.

साधा प्रिंटर पांढरी अक्षरं छापू शकत नाही, त्यामुळे पांढऱ्या छपाईची डिकॅल्स लागतात. डिकॅल लावण्याआधी चकचकीत वार्निश द्या. खरबरीत रंगावर खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. शेवटी सगळ्यावर मॅट वार्निश.

धूळ आणि काजळी

कोरी करकरीत वॅगन खेळण्यासारखी दिसते. खडू-पेस्टल किसून पावडर करा आणि मऊ ब्रशने लावा. बोगीवर ब्रेकची तपकिरी धूळ, डिझेल इंजिनाच्या धुराड्याभोवती काजळी, उघड्या वॅगनच्या आत कोळशाचा काळा. चाकांचा रुळाला टेकणारा भाग आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या मात्र स्वच्छ ठेवा, नाहीतर गाडी अडखळते.

निरीक्षण कुठे करायचं?

प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि प्लॅटफॉर्मवरूनच बघा. रुळांत उतरणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. खडकीत संरक्षण खात्याचे कारखाने आहेत, त्यांच्या दिशेने कॅमेरा नको. चालू मॉडेल रेल्वे बघायची असेल तर कोथरूडचं जोशी लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं हे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे.

मॉडेल पूर्ण झालं की तळाशी बारीक अक्षरात एक गोष्ट जरूर लिहा : कोणती गाडी, कोणत्या वर्षातली.