धावांचा अनुशेष

विदर्भातल्या पोराला दोन शब्द शिकवावे लागत नाहीत. एक 'आई' आणि दुसरा 'अनुशेष'. पहिला शब्द ते पाळण्यात उचलते, दुसरा बापाच्या मांडीवर. नागपूर करार 28 सप्टेंबर 1953 ला झाला. त्यात आम्हाला काय काय मिळायचे होते आणि काय काय मिळाले नाही, याची उजळणी आमच्याकडे पाढ्यांसारखी चालते. पुढे दांडेकर समिती नेमली गेली. 1984 साली तिने सिंचन, रस्ते, वीज, शाळा, दवाखाने यांतला अनुशेष आकड्यांत मोजून दिला. अहवाल मोठा विद्वत्तेचा. पण त्यात एक बाब राहून गेली, असे आमच्या आर्वीच्या चौकातल्या पानठेल्याचे कायमचे म्हणणे आहे. धावांचा अनुशेष कोणी मोजलाच नाही!

रणजी सामन्यांत विदर्भाचा संघ 1957-58 पासून खेळतो आहे. त्याआधी मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचा एकत्र संघ असे. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही मुंबई राज्यात गेलो. राजकारणात पश्चिमेला सरकलो, क्रिकेटात मात्र मध्य विभागातच राहिलो. पगारपत्रक एका शाखेत आणि खुर्ची दुसऱ्या शाखेत अशी ज्याची बदली झाली असेल, त्यालाच हे दुःख कळेल. या मध्य विभागात राजस्थान होता. साठच्या दशकात हा संघ वारंवार अंतिम फेरी गाठायचा आणि तिथे मुंबईकडून हरायचा. (तो त्यांचा अनुशेष. त्यात आपण पडू नये.) त्यांच्याकडे हनुमंतसिंग, सलीम दुराणी, काही काळ आपला विजय मांजरेकरसुद्धा. अशा माणसांना थांबवायचे कसे, हा प्रश्न विदर्भापुढे उभा राहिला तो तेव्हापासून.

तसे पाहिले तर तगडा फलंदाज आमच्याकडेच जन्मला होता. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू 1895 साली नागपुरात जन्मले. पण ते गेले इंदूरला, होळकर सरकारांच्या पदरी. संत्री दिल्लीला, कापूस मुंबईला आणि नायडू इंदूरला. माल आमचा आणि बाजार दुसऱ्याचा, हे आमचे जुनेच अर्थशास्त्र.

आता या विषयाचा आर्वीतला अधिकृत दप्तरखाना म्हणजे आमचे दिवाणजी. जिनिंगमध्ये त्यांची सारी हयात गेली. 1969 च्या ऑक्टोबरात नागपूरला पहिली कसोटी झाली, न्यूझीलंडविरुद्ध, तेव्हा ऐन विशीतले दिवाणजी शकुंतलेने पुलगावला आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूरला गेले होते. शकुंतला म्हणजे कालिदासाची नव्हे. ही आमची आर्वी-पुलगाव छोटी रेल्वे, कापूस वाहायला इंग्रजांच्या काळात सुरू झालेली. आता ती बंद आहे. चालू होती तेव्हाही काही वेळा बंदच वाटायची. तर दिवाणजी गेले, भारत 167 धावांनी हरला, आणि दिवाणजी परत आले. येताना त्यांनी एक लाल कापडी बांधणीची वही घेतली आणि तिच्यात विदर्भाचे हिशेब मांडायला सुरुवात केली.

या वहीची पद्धत मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही मला एकदम कळली नव्हती. विदर्भाविरुद्ध कोणी शतक मारले की दिवाणजी त्याचे नाव 'देणे' बाजूला लिहीत. आपल्या गोलंदाजाने कोणाला लवकर उडवले की ते 'जमा'. देण्याची पाने भराभर उलटत. जमेच्या पानांवर दिवाणजींची नातवंडे चित्रे काढत.

पानठेल्यावरचा वाद मी ऐकत आलो तो नव्वदीत, हातात वर्तमानपत्राचे खेळाचे पान घेऊन. वाद एकच. समोरचा मोठा बॅट्समन थांबवायचा कसा?

"फास्ट बॉलर पाहिजे, फास्ट! कानाजवळून बॉल गेला ना, का मंग पाय हालते त्याचे."

"फास्ट बॉलर काय आभायातून पडते का बे? पऱ्हाटीत धावून धावून कोनी फास्ट होते का?"

"मंग स्पिनर आना."

"आनले ना. मारलं ना त्याले."

शेवटी दिवाणजी सुपारी कातरत म्हणायचे, "राजेहो, मोठ्या आसामीची वसुली अशी घाईनं होत नसते. रोज त्याच्या दारात जाऊन बसा लागते. एक शब्द जास्त बोलाचा नाही, एक शब्द कमी नाही. कंटाळून तोच बाहेर येते." यावर सगळे हसत. मीही हसे, पण त्या वेळी मला कर्जवसुली खात्याचा अनुभव नव्हता.

वेगवाद्यांचा नवस 2008 साली फळला. खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, उमेश यादव, विदर्भाकडून रणजीत उतरला आणि 2011 साली कसोटी खेळला. विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिला. पानठेल्यावर पेढे वाटले गेले. पण चांगला कारकून मुख्य कार्यालय उचलून नेते, तसा तो भारतीय संघाने उचलून नेला. विदर्भाच्या वाट्याला तो यायचा सणासुदीला, सासरी गेलेल्या लेकीसारखा. वाद होता तिथेच राहिला.

मग आला 2017-18 चा हंगाम. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फझल, सोबतीला मुंबईहून आलेला वसीम जाफर. उपांत्य सामना कोलकात्याला, कर्नाटकाशी. आम्ही पहिल्या डावात 185. त्यांच्या करुण नायरने एकट्याने 153 ठोकल्या. दिवाणजींनी शाई उघडली, नाव 'देणे' बाजूला लिहिले आणि शाई बंद केली. पण शेवटच्या दिवशी, 21 डिसेंबरला, चक्र फिरले होते. कर्नाटकाला जिंकायला 198 हव्या होत्या आणि रात्रीपर्यंत त्यांचे सात गडी 111 मध्ये गेले होते. सकाळी बँकेत कापसाच्या चुकाऱ्यांची गर्दी, आणि काउंटरखाली प्रत्येकाचा मोबाईल. एका खातेदाराने शिल्लक विचारायला म्हणून "किती राहिले?" असे म्हटले, आणि आमचे रोखपाल वर न बघता म्हणाले, "सहा. आन् एक विकेट." खातेदाराचा चेहरा पडला. मग त्याला उलगडा झाला आणि तोही काउंटरवर ओणवा होऊन बघू लागला. पुढच्या मिनिटाला विदर्भ पाच धावांनी जिंकला. त्या खातेदाराच्या खात्यात खरोखर किती होते ते मी सांगणार नाही. गोपनीयतेची शपथ आहे.

कर्नाटकाच्या दोन्ही डावांत मिळून बारा बळी घेणारा रजनीश गुरबानी हा काही कानाजवळून चेंडू घालवणारा राक्षस नव्हता. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला सडपातळ मुलगा, वेग बेताचा, एका टप्प्यावर चेंडू टाकत राहायचा. दारात बसून राहणारा! अंतिम सामन्यात दिल्लीचा ध्रुव शोरे 145 वर पोचला होता. गुरबानीने दोन चेंडूंवर दोघांच्या दांड्या उडवल्या आणि तिसऱ्यावर शोरेची. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी हॅट्‌ट्रिक करणारा तो दुसराच गोलंदाज. 1 जानेवारी 2018 ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला, साठ वर्षांत पहिल्यांदा. मैदान कुठले? इंदूरचे, होळकरांच्या नावाचे. नायडूंचा हिशेब व्याजासकट चुकता झाला, असे दिवाणजींनी जाहीर केले.

पुढच्या वर्षी तर त्यांच्या सिद्धांताची खरी परीक्षा होती. फेब्रुवारी 2019, नागपूर, समोर सौराष्ट्र आणि त्यांचा चेतेश्वर पुजारा. हा नुकताच ऑस्ट्रेलियाहून आला होता. तिथल्या मालिकेत 1258 चेंडू खेळून 521 धावा करून. म्हणजे दारात बसण्याचा धंदा ज्याचा स्वतःचाच, त्याच्या दारात बसायचे! तीन दिवस आर्वीत दुसरा विषय नव्हता. वेगवादी म्हणाले उमेश त्याला काढील, भाग्यवादी म्हणाले कोणीच काढणार नाही. काढला तो आदित्य सरवटेने, डावखुऱ्या मंद फिरकीवर. पहिल्या डावात 1, दुसऱ्या डावात 0. सामन्यात अकरा बळी, विजय 78 धावांनी. दिवाणजींना जमेची कोरी पाने शोधावी लागली. मध्ये नातवाने काढलेला हत्ती होता.

माझे एक निरीक्षण आहे. हरत होतो तेव्हा पानठेल्यावर कोणी कोणाशी खरे भांडले नाही. घरात चोरण्यासारखे काही नसले की कुलूप कोणते लावावे यावर गप्पाच होतात. जिंकू लागल्यावर मात्र वादाला धार आली. मार्च 2024 ला अंतिम सामन्यात मुंबईने दुसऱ्या डावात 418 केल्या. 19 वर्षांच्या मुशीर खानच्या 136, श्रेयस अय्यरच्या 95, रहाणेच्या 73. आम्ही 169 धावांनी हरलो. दोष पहिल्या डावात 105 वर कोसळणाऱ्या फलंदाजांचा की दुसऱ्या डावात मुंबईला न थांबवणाऱ्या गोलंदाजांचा, यावरून दोन सख्खे शेजारी अबोला धरून बसले. एकाने दुसऱ्याच्या घरची आखाजी चुकवली. माझे मत विचाराल तर दोष 105 चा. पण हे मी दोघांपैकी कोणालाही सांगितलेले नाही. दोघांचीही खाती माझ्याच काउंटरवर आहेत.

फेब्रुवारी 2025 ला तीच मुंबई नागपुरात आली आणि पार्थ रेखडेने एका षटकात रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे असे तिघे घरी पाठवले. विदर्भ 80 धावांनी जिंकला आणि अबोला सुटला. त्या हंगामात हर्ष दुबे या डावखुऱ्या फिरकीपटूने 69 बळी घेऊन रणजीचा विक्रमच केला. दारात बसणाऱ्यांचे आता घराणेच तयार झाले म्हणायचे!

पण दिवाणजींची खरी पंचाईत हिशेबाची होती. 'देणे' बाजूचा करुण नायर आणि 'देणे' बाजूचाच ध्रुव शोरे, दोघेही 2023-24 पासून विदर्भाकडूनच खेळू लागले. नायरने तर 2025 च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध आमच्यासाठी 86 आणि 135 केल्या. मी दिवाणजींना समजावले, "काका, याला कर्जाचे भागभांडवलात रूपांतर म्हणतात. देणेकरीच भागीदार झाला." ते खूश झाले. मग हळूच म्हणाले, "अन् हा?" त्यांचे बोट आदित्य सरवटेवर होते. जमेच्या पानावरचा आमचा सरवटे तेव्हा केरळचा झाला होता. त्याच अंतिम सामन्यात त्याने आमच्याविरुद्ध 79 धावा केल्या. बॅट घेऊन! सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक आमचा झाला. पण दिवाणजी दोन दिवस सरवटेच्या नावासमोर पेन धरून होते. शेवटी त्यांनी समोर एवढेच लिहिले, 'पोरगं आपलंच.'

आणि 2025-26 च्या हंगामात करुण नायर परत कर्नाटकाकडे गेला. बातमी आली त्या संध्याकाळी दिवाणजी वही काखोटीला मारून थेट माझ्या घरी आले. चष्मा पुसला, पान उघडले.

"तुमी कॉमर्सवाले. सांगा, आता याले कोन्या बाजूले मांडू?"

मी बराच विचार केला. म्हटले, "काका, तूर्त उचंत खात्यात ठेवा."