लाव्हाच्या कडेची रात्र

रत्नागिरीच्या सड्यावर भर दुपारी उभे राहा. तळव्यांना जांभा चटके देतोय? डोळे मिटा आणि सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं मागे चला. एवढ्यात उघडू नका! आधी वास घ्या, गंधकाचा, घशात खवखवणारा. चेहऱ्यावर धग येते. उघडा आता. जांभा नाही, सह्याद्रीचे कडे नाहीत, ओळखीचा किनाराही नाही. सेशेल्सची जमीन अजून आपल्यालाच चिकटलेली आहे. समोर काळी साय धरत थिजणारा लाव्हा.

इथे थांबण्यात अर्थ नाही. पूर्वेला, लाव्हाच्या कडेला चला. आज तेलंगणात असलेल्या नासकलच्या तळ्याकाठी. दोन उद्रेकांमध्ये इथे उसंत मिळाली आहे. दमट रात्र, कुजक्या पानांचा वास, बेडकांचा कलकलाट. पाण्यात मगर आहे, म्हणून झाडावरच राहा. जमेल तुम्हाला, कारण तुमचा देह आता मुठीत मावेल एवढा झालाय. तुम्ही डेक्कनोलेस्टिस नावाचा सस्तन प्राणी आहात.

अंगावर केस आहेत, आत स्वतःची ऊब आहे. त्या उबेची किंमत म्हणजे भूक, सतत पोटात कुरतडणारी. सालीखाली किड्याची बारीक करकर ऐकू येते ना? पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातली दोन हाडं सरकत मधल्या कानात आली, म्हणून. झडप घाला. कचकन चावा.

ढोलीत पिल्लं वळवळतायत, कुशीत ढुशा देतायत. दात नाहीत त्यांना, आणि दूध आहे तोवर गरजही नाही. सस्तन प्राण्यांची सगळ्यात मोठी करामत मला हीच वाटते. दुधावर जबडा आधी वाढून घेतो. मग दात दोनदाच येतात, पण वरचे खालच्यांत नेमके बसतात. मगरीचे दात जन्मभर पडतात नि उगवतात, तिला लचके तोडून गिळावं लागतं. तुम्ही चावून बारीक करता. बारीक केलेलं लवकर पचतं आणि अंग रात्रभर ऊबदार राहतं.

सस्तन प्राणी तेव्हाही नवखे नव्हते. डायनासोरांच्या राज्यात त्यांच्या घराण्याने कोट्यवधी वर्षं अशाच रात्री काढल्या होत्या.

नासकलच्या थरातले डेक्कनोलेस्टिसचे चिमुकले दात १९८८ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी जगापुढे आणले. भारतात सापडलेला क्रेटेशियस काळातला तो पहिला सस्तन प्राणी. पुढे त्याच्या घोट्याची हाडं मिळाली आणि तो झाडावर चढणारा होता, हे कळलं.