अँटिगनीचे तात्पर्य

पिंपळगाव बसवंत आज टोमॅटो, कांदा आणि द्राक्षांसाठी ओळखले जाते. मुंबई-आग्रा रस्त्याने जाणाऱ्याला बाजार समितीकडे वळणाऱ्या गाड्यांवरूनच गाव आल्याचे कळते. वि. वा. शिरवाडकरांचे बालपण याच गावात गेले. प्राथमिक शाळा इथली, हायस्कुलासाठी मात्र नाशिक गाठावे लागले आणि 1934 साली ते तिथल्याच हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयातून बी. ए. झाले. पुढे नाटककार म्हणून त्यांनी परक्या माणसांना मराठीत बोलायला लावले. मेटरलिंकच्या 'मोना व्हाना'वरून 'वैजयंती' आले, झाँ आनुईचा 'बेकेट' आला. याच आनुईची 'अँटिगनी' डॉ. श्रीराम लागूंनी मराठी रंगभूमीवर आणली. आज पिंपळगावातल्या एखाद्या विद्यार्थिनीला अँटिगनीवर चार पाने लिहून आणायला सांगितली, की ती कोणाकडे तरी मदत मागते, आणि मदत मागणे म्हणजे आळस असे आपण चटकन ठरवून मोकळे होतो. इतिहास पाहिला तर हा आरोप टिकत नाही. नायिकेची कथा मराठीत बहुतेक मध्यस्थाकडूनच शिकली गेली आहे. बिघाड असलाच तर तो शाळेबरोबर रुजलेल्या मदतीच्या एका विशिष्ट प्रकारात आहे.

छापील पुस्तके गावात पोचण्याआधी द्रौपदी, दमयंती, सावित्री या पुराणिकाच्या, कीर्तनकाराच्या आणि घरातल्या बायकांच्या तोंडून कळत. कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धांत मांडतो हे खरे, पण उत्तररंगात आख्यान सुरू झाले की त्याला द्रौपदी व्हावे लागते. स्वतःला हरून बसलेल्या युधिष्ठिराला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता का, हा तिचा प्रश्न भर सभेत विचारावा लागतो. महाभारतात भीष्मालाही त्याचे सरळ उत्तर देता आलेले नाही. देवळातून घरी परतणारा श्रोता सिद्धांत घेऊन जाई तसा हा अडलेला प्रश्नही घेऊन जाई. शाळेतल्या परंपरेची सुरुवात वेगळीकडून झाली. सदाशिव काशीनाथ छत्र्यांची 'इसापनीतिकथा' 1828 मधली. म्हणजे मराठी शाळकरी मुलाला ग्रीसमधून पहिल्यांदा भेटले ते कोल्हे, कावळे आणि सिंह, आणि प्रत्येकाच्या शेपटाला बांधलेले तात्पर्य. परशुरामतात्या गोडबोल्यांनी 1854 साली 'नवनीत'मधून मोरोपंत, वामनपंडित, रघुनाथपंडित यांचे वेचे शाळेत नेले, तोवर गोष्ट संपली की बोध लिहायचा ही सवय अंगवळणी पडत चालली होती. (शंभर वर्षांनी त्याच नावाच्या प्रकाशनाची गाईडे घरोघरी गेली, हा योगायोग गोडबोल्यांना कसा वाटला असता कोण जाणे.) इसापला ही पद्धत शोभते, कारण त्याची गोष्ट बोधासाठीच रचलेली असते.

अँटिगनीपाशी तीच पद्धत मोडते. सोफोक्लीसचे नाटक इसवी सनापूर्वी 441च्या सुमाराचे. अँटिगनीचे दोन भाऊ थीब्जच्या गादीसाठी लढून एकमेकांच्या हातून मरतात. राजा झालेला मामा क्रेऑन एकाचा अंत्यविधी सन्मानाने करतो आणि दुसऱ्याचे प्रेत उघड्यावर टाकायला सांगतो. अँटिगनी हुकूम मोडून त्याच्यावर माती टाकते आणि तिला जिवंतपणी गुहेत कोंडले जाते. आता तात्पर्य काय लिहायचे? बहिणीचे प्रेम थोर असते? मग दुसरी बहीण इस्मीनी सुरुवातीला मागे का सरते? राजाज्ञा मोडू नये? पण क्रेऑन शेवटी मुलगा आणि बायको गमावतो, आणि चूक आपली होती हे कबूल करतो. आनुईने 1944 मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, हीच कथा मांडताना क्रेऑनच्या तोंडी इतके समजूतदार युक्तिवाद घातले, की नाटक नक्की कोणाच्या बाजूचे यावर तेव्हाच वाद झाले. ज्या नायिकेविषयी प्रेक्षकांचे एकमत होत नाही, तिचे 'स्वभावचित्र' आठ ओळींत बसवून देणारी मदत मुलीला उत्तर देते, पण नाटक काढून घेते.

यावर पहिला आक्षेप न्याय्य आहे. ज्या घरात कॉलेजात जाणारी ही पहिलीच मुलगी आहे, तिथे आई-वडील पहाटेपासून द्राक्षबागेत असतात. तिने विचारायचे कोणाला? गाईडला नावे ठेवणे ही घरात पुस्तकांचे कपाट असलेल्यांची चैन आहे. हे मान्य करावेच लागते. नाशिक जिल्ह्याचा शैक्षणिक इतिहासही हेच सांगतो. 1914 साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या उभारणीत वसतिगृहाला मोठे स्थान होते आणि नाशिकच्या उदाजी मराठा वसतिगृहाची पायाभरणी 1920 मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते झाली. खेड्यातल्या मुलाला नुसती शाळा पुरत नाही, अभ्यासाच्या वेळी विचारता येईल असे माणूसही जवळ लागते, हे त्या काळच्या कार्यकर्त्यांनी ओळखले होते. गाईड ही उणीव भरून काढते ती अर्धीच. त्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जोरात ऐकू येतो: आपल्या इतक्या नायिका असताना ही ग्रीक बाई कशाला? पण आपल्या नायिकांविषयी निकाल आधीच लागलेला असतो. सावित्री म्हटले की पतिव्रता, वडाला फेऱ्या, विषय संपला. अँटिगनी शेजारी ठेवून पाहा. दोघीही मृत्यूच्या दारात सत्तेशी वाद घालतात. एक यमाशी इतक्या चतुराईने बोलते की वर देता देता तोच अडकतो; दुसरी क्रेऑनला तडजोडीची जागाच ठेवत नाही आणि मरते. सावित्री ही मुळात युक्तिवाद करणारी बाई आहे, हे वटपौर्णिमेच्या चित्रात हरवते आणि या परक्या शेजारणीमुळे पुन्हा दिसते.

परीक्षकाची अडचण उरते. गठ्ठाभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला नमुना उत्तर हवे असते. पण देवयानीचे पाहा. खाडिलकरांच्या 'विद्याहरण'मध्ये (1913) ती एक आहे, खांडेकरांच्या 'ययाति'मध्ये (1959) दुसरी आणि शिरवाडकरांच्या 'ययाति आणि देवयानी'मध्ये (1966) तिसरी. नमुना उत्तर यांतल्या कोणत्या देवयानीचे धरायचे? गुण द्यायचे तर विद्यार्थिनीने कोणत्या प्रसंगाच्या आधाराने काय ठरवले, त्याला देता येतात. तसे झाले की मदत करणाऱ्यालाही आधी नाटक वाचावे लागेल.