घाटावरची काळी सायकल : एका दप्तर नसलेल्या वाहनाचा इतिहास

१/९
बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास म्हटला की सिंदखेडराजा आणि लोणार ही नावे आधी येतात. त्यांच्याविषयी ग्रंथ आहेत, शिलालेख आहेत. मात्र सामान्य माणूस शेतातून बाजारात, गावातून शाळेत कसा गेला, याचे दप्तर कुणी ठेवले नाही. अनेक घरांत ते भिंतीला टेकून उभे आहे.

२/९
या जिल्ह्याचे दोन भाग सर्वतोमुखी आहेत : 'घाटावर' आणि 'घाटाखाली'. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला, तो मलकापूर, नांदुरा, शेगाव अशा घाटाखालच्या सपाटीतून. कापसाच्या बाजारपेठेसाठी १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला. बुलढाणा, चिखली, मेहकर ही घाटावरची गावे रेल्वेविना राहिली. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासूनची आहे.

३/९
जिथे रूळ नव्हते तिथे बैलगाडी होती, पाय होते आणि पुढे सायकल आली. तिचा आजचा घाट १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली यांच्या 'रोव्हर'ने घालून दिला. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे सायकलींचे दुकान सुरू झाले. लोखंडी नांगर नंतरचा.

४/९
प्रारंभी सायकल विलायतेहून येई आणि ती श्रीमंतांची मिरवण्याची वस्तू होती. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मद्रासला टीआय (१९४९), सोनिपतला ॲटलस (१९५१), आसनसोलला सेन-रॅले (१९५२), लुधियानाला हिरो (१९५६) असे कारखाने उभे राहिले. शिक्षक, पोस्टमन, दूधवाला यांच्या हाती ती हळूहळू आली.

५/९
तिची बांधणी कच्च्या रस्त्याला साजेशी होती. २८ इंची चाक खड्ड्यात कमी अडकते. पुढचा चिमटा तिरका असल्याने धक्के सौम्य होतात. ब्रेकला तार नव्हती, लोखंडी सळ्या होत्या. त्या सहसा तुटत नाहीत. पोरे आधी दांडीखालून पाय घालून 'हाफ पायडल' शिकत आणि उंची वाढली की सीटवर बसत.

६/९
या यंत्रात काहीच झाकलेले नव्हते. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवली की पंक्चर दिसे. छर्रे झिजले की आवाजावरून कळे. दोन पान्हे आणि तेलाची बुधली एवढ्यावर मालक ती चालती ठेवी. वस्तूवर जीव जडतो तो बहुधा अशा राखणीतून.

७/९
सरकारलाही ती दखल घेण्याजोगी वाटली. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात सायकलीवर कर बसवण्याची तरतूद होती. नगरपालिकाही कर घेऊन बिल्ला देत. तो दांड्याला अडकवलेला नसला की दंडाची भीती असे. आज असा बिल्ला सापडला, तर त्यावरचे गाव आणि वर्ष हा अस्सल पुरावा ठरतो.

८/९
जुन्या सायकलीची ओढ म्हणजे केवळ गतकाळाचा मोह, असे म्हणणे अपुरे आहे. राजूर घाट चढताना ही वीसेक किलोची सायकल उतरून ढकलावी लागते, हे तिच्या मालकाला पुरते ठाऊक असते. तरीही तो ती विकत नाही. सीटच्या चामड्याला त्याच्या बसण्याचा आकार आलेला असतो, मुठी त्याच्या हाताने गुळगुळीत झालेल्या असतात. दुसऱ्या वाहनावर तो पोहोचतो लवकर. वाटेतली पिके, विहिरी आणि माणसे मात्र सायकलीवरूनच दिसतात.

९/९
३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, ॲटलसचा साहिबाबाद येथील कारखाना बंद पडला. जुन्या सायकली आता भंगारात किलोच्या भावाने जातात. घरात अशी एखादी असेल, तर देण्यापूर्वी पुढची कंपनीची पट्टी, सीटखालचा क्रमांक आणि बिल्ला यांची छायाचित्रे घ्यावीत. ती कुणी, कधी, कितीला घेतली आणि पहिला लांबचा प्रवास कुठवर झाला, हे आजोबांना विचारून लिहून ठेवावे. ते सांगणारे आज आहेत.