हळदीचा रंग आणि विस्मृतीची खूण

सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणा यांचा संगम आहे. या गावच्या जमिनीत पेवे खोदून हळद साठवण्याची रीत जुनी. पेवाचे तोंड अरुंद, पोट मोठे आणि आत हवा अगदी थोडी; त्यामुळे हळकुंडांना कीड लागत नसे. 2005च्या महापुरात यातली बरीच पेवे निकामी झाली. सांगलीची हळदपेठ मात्र टिकली. सातारा जिल्ह्यातली हळदही येथे येते. 2018मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले.

या हळदीचा अल्झायमर रोगाशी काय संबंध? त्यासाठी आपल्याला थोडे रंगांच्या इतिहासात शिरावे लागेल.

‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून आपण म्हाताऱ्या माणसांचे विसरणे सोडून देतो. 1901मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगुस्ट डेटर ही बाई आली, तेव्हा ती साठीचीही नव्हती. 51 वर्षांची होती. तिला स्वतःचे नावही नीट लिहिता येईना. 1906मध्ये ती वारल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या बाहेर डाग आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते दिसले. रोगाची खूण सापडली, पण ती पाहायला रोगी मरावा लागे. ही अडचण पुढे कित्येक दशके सुटली नाही.

डागांत आहे तरी काय? कापूस रंगवण्यासाठी जर्मनीत तयार झालेला काँगो रेड हा रंग येथे उपयोगी पडला. 1927मध्ये बेल्जियमच्या पॉल दिव्री यांनी दाखवले, की हा रंग डागांना चिकटतो आणि ध्रुवित प्रकाशात हिरवा चमकतो. 1984मध्ये अमेरिकेत ग्लेनर आणि वाँग यांनी अशा रोग्यांच्या मेंदूवरील रक्तवाहिन्यांतून बीटा-अमायलॉइड हे प्रथिन वेगळे केले. पाठोपाठ डागांतही तेच सापडले. पेशींतले गुंते टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे निघाले.

आता जिवंत माणसात ही प्रथिने मोजायची होती. 1990नंतरच्या दशकात पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाची तपासणी सुरू झाली. रोग्याच्या द्रवात टाऊ वाढलेले होते. अमायलॉइडचा एक प्रकार मात्र कमी! हे उलटे कसे? कृष्णेचा गाळ वर धोम धरणात बसला, तर खाली येणाऱ्या पाण्यात तो कमीच असणार. तसेच हे प्रथिन मेंदूत साचते, म्हणून द्रवात कमी उतरते.

2004मध्ये पिट्सबर्गच्या क्लंक आणि मॅथिस यांनी थायोफ्लेविन या पिवळ्या रंगात फेरफार करून त्याला किरणोत्सारी कार्बन जोडला. तो शिरेतून दिला, की जिवंत मेंदूतले डाग चित्रात दिसू लागले. पण हे यंत्र फार महाग. म्हणून शोध रक्ताकडे वळला. टाऊच्या साखळीतल्या 217व्या जागी फॉस्फेट जोडले गेलेले असते, ते रक्तात मोजता येऊ लागले. मे 2025मध्ये अमेरिकेत अशा एका रक्तचाचणीला मान्यता मिळाली. लक्षणे असलेल्या, 55 वर्षांवरील रोग्यांसाठी आणि इतर तपासण्यांच्या जोडीनेच.

आणि हळद? तिच्यातले कर्क्युमिनही अमायलॉइडला चिकटते आणि चमकते. त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावर अमायलॉइड शोधण्याचे प्रयोग झाले आहेत. ते अजून प्रयोगच आहेत. त्यावरून ‘हळद खा, विस्मृती टाळा’ असा निष्कर्ष मात्र निघत नाही. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 36 रोग्यांना 24 आठवडे कर्क्युमिन किंवा साधी गोळी देण्यात आली. गुण आल्याचे दिसले नाही. रक्तात ते पोचलेच फार थोडे.

असे का, हे वर्गातही दाखवता येईल. एका परीक्षानळीत पाणी, दुसरीत स्पिरिट घ्या. दोन्हींत चिमूटभर हळद टाकून हलवा. पाण्यात ती तळाशी बसते. स्पिरिटमध्ये रंग उतरतो. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली स्पिरिटची नळी हिरवट चमकेल. (स्पिरिटजवळ ज्योत नको.) जे पाण्यात विरघळत नाही, ते रक्तात सहज कसे जाईल?

2023च्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. यातले कित्येक आपल्या विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा असतील. रोग समूळ बरा करणारे औषध अजून नाही. पण आजी तेच तेच विचारते ती हट्टाने नव्हे, एवढे जरी मुलाला कळले तरी घरातले बोलणे बदलेल. हा धडा वर्गात घ्यायला आम्हाला एवढे कारण पुरेसे वाटते.