पराणीचा धाक

आमचं लोहा गाव तेव्हा कंधार तालुक्यात होतं. लाल कंधारी गोऱ्हा अडीच-तीन वर्षांचा झाला, की आधी वेसण घालायची, मग जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपून मोकळ्या वावरात ओंडका ओढायला लावायचा. माझे आजोबा या कामातले जाणकार. गावभरचे गोऱ्हे आमच्या दारात येत. त्यांच्या हातात पराणी असे, टोकाला लोखंडी आर. गोऱ्हा अडला की टोचायची, पाऊल उचललं की त्याच क्षणी काढायची. काढायला उशीर झाला तर गोऱ्हं बिघडतं, असं ते बजावत.

सुरुवातीला गोऱ्हा टोचल्यावर चाले. पुढे आजोबांनी जिभेनं 'टक्' केलं, की आर लागण्याआधीच पाऊल पडे. प्राण्यांच्या शिकण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी प्रयोगशाळेत याच दोन पायऱ्या वेगळ्या केल्या: त्रासातून सुटणं आणि तो येण्याआधीच टाळणं. दुसरी पायरी त्यांना कोड्यात टाकणारी होती. टाळल्यावर काहीच घडत नाही, मग जनावर शिकतं कशाच्या जोरावर? १९४७ साली मानसशास्त्रज्ञ मावरर यांनी उत्तर मांडलं: आधी खुणेची भीती बसते आणि ती भीती उतरणं हीच कमाई ठरते.

१९५३ साली हार्वर्डच्या सॉलोमन आणि विन यांनी कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दिवा विझला, की दहा सेकंदांनी पायाखालच्या जाळीतून विजेचा झटका. कुत्री मधला अडथळा ओलांडून पलीकडे उडी घ्यायला शिकली. मग झटका बंद केला, तरी ती शेकडो वेळा उड्या मारतच राहिली. थांबून पाहिल्याशिवाय झटका गेल्याचं कळणार कसं? त्या प्रयोगांची वर्णनं मला वाचवत नाहीत, इतके ते क्रूर होते. पण आमच्या दावणीबद्दल त्यांनी सांगितलं ते खरं आहे. ‘माझ्या बैलाला मी काठीसुद्धा लावत नाही,’ म्हणणारा मालक खोटं बोलत नसेल. बैल मात्र गोऱ्हेपणी टोचलेली आर अजूनही टाळत असतो.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोह्याजवळच्या माळेगावात खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळ्यांचा बाजार. आजोबा बैलाचे दात बघत, खूर बघत, आणि शेवटी मागे उभं राहून रिकामा हात वर उचलत. कातडी थरथरली, पाठ दबली, तर रुमालाखाली भावासाठी हात न घालता ते पुढे जात. म्हातारपणी त्यांनी पराणी सोडली. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि शांत जोडीदार एवढ्यावरच त्यांनी पुढचे गोऱ्हे शिकवले. वेळ जास्त लागला, पण ते बैल हात उचलल्यावर दबकत नसत.

जनावर हाकायला अणकुचीदार काठी वापरण्यास केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. माळेगावला बैल घ्यायला जाल, तेव्हा दातांसोबत त्याची पाठही बघा, आणि घरच्या गोऱ्ह्याला औत शिकवताना काठीची आर काढून टाका.