चालणाऱ्या पावलांचें गणित

१८९१ सालीं जर्मनींतील लाइप्झिग शहरीं एके रात्रीं एक शिपाई अंधारांत चालत होता. त्याच्या मांड्यांना, पोटऱ्यांना, दंडांना व डोक्याला काचेच्या बारीक नळ्या बांधलेल्या होत्या. वीज खेळतांच त्या क्षणोक्षणीं चमकत, आणि भोंवतालीं मांडलेले चार कॅमेरे त्या चमका टिपून घेत. चालणें थोड्याच पावलांचें होतें. पण नळ्या चढविण्यांतच कित्येक तास गेले. पुढें त्या पावलांचा हिशेब सहा भागांत प्रसिद्ध झाला, तो १८९५ पासून १९०४ पर्यंत! प्रयोग करणाऱ्या दोघांपैकीं शरीररचनेचे पंडित ब्राउने हे १८९२ मध्येंच निवर्तले, आणि उरलेली आकडेमोड गणिती फिशर यांनीं तडीस नेली.

चार पावलें टाकणें ही लहान मुलालाही साधणारी गोष्ट. तिच्यासाठीं एवढा खटाटोप कां, असें श्रोत्यांना वाटणें साहजिक आहे. अडचण अशी कीं, हालचाल डोळ्यांना दिसते, परंतु कोणत्या स्नायूनें किती जोर लावला हें दिसत नाहीं. तें गणितानेंच काढावें लागतें. या गणिताचा पाया इटलींतील बोरेल्ली यांनीं घातला. त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १६८० सालीं, प्रसिद्ध होऊं लागला. हाड ही तरफ व सांधा हा तिचा टेकू, अशी त्यांची दृष्टि. कोपर काटकोनांत ठेवून पांच किलोंची बादली धरली, तर ती कोपरापासून सुमारें फूटभर दूर असते. उलट दंडाचा स्नायु हाताच्या हाडाला चिकटतो तो कोपरापासून जेमतेम दीड-दोन इंचांवर. म्हणून बादली पांच किलोंची असली, तरी स्नायूला तीस-पस्तीस किलोंची ओढ लावावी लागते.

वेबर बंधूंनीं १८३६ सालीं असें प्रतिपादिलें होतें कीं, पुढें येणारा पाय घड्याळाच्या लंबकासारखा आपोआप झुलतो. कल्पना मोठी सुबक. परंतु फिशर यांच्या आकड्यांपुढें ती टिकली नाहीं. पाय झुलत असतांनाही स्नायु काम करीत असतात असें दिसून आलें. मात्र मांडीचें वजन किती, पोटरीचा गुरुत्वमध्य कोठें, हें जिवंत शिपायावर मोजतां येत नव्हतें. त्यासाठीं या दोघांनीं गोठविलेलीं प्रेतें कापून मापें घेतलीं होतीं, व तीं १८८९ सालीं प्रसिद्ध केलीं होतीं.

१९३८ सालीं इंग्लंडांत ए. व्ही. हिल यांनीं बेडकाच्या स्नायूवर प्रयोग केले, आणि स्नायु जितक्या वेगानें आखडतो तितका त्याचा जोर घटतो, हा संबंध समीकरणांत बसविला. तरीही गांठ सुटेना. एकाच सांध्यावर अनेक स्नायु ओढतात. म्हणजे अज्ञातें अधिक आणि समीकरणें थोडीं. आठ बैलांचा नांगर चाललेला पाहून प्रत्येक बैलानें किती ओढलें तें सांगा, असा हा प्रश्न. शरीर कमींत कमी श्रमांत काम उरकतें असें गृहीत धरून, पुनःपुन्हां ताळा करीत उत्तराजवळ जावें लागतें. हें काम संगणकाच्याच वांट्याचें.

१९९० सालीं अमेरिकेंत स्कॉट डेल्प व त्यांचे सहकारी यांनीं मनुष्याच्या पायाची प्रतिकृति संगणकांत उभी केली. तींत ४३ ओढीच्या रेषा स्नायूंच्या जागीं होत्या. शस्त्रवैद्यानें एखाद्या स्नायूचा बंध हलविला तर काय होईल, हें शस्त्र न लावतां पडद्यावर पाहतां येई.

याचें मोल एका उदाहरणावरून कळेल. सेरेब्रल पाल्सी झालेलीं कित्येक मुलें गुडघे वांकवून चालतात. गुडघा सरळ होत नाहीं, अर्थात् मांडीमागचे स्नायु आखूड असले पाहिजेत, असें मानून त्यांचे बंध कापून लांब करण्याची शस्त्रक्रिया होत आली. परंतु ते स्नायु गुडघ्याबरोबर खुब्याचा सांधाही ओलांडतात. गुडघा वांकला कीं ते सैल पडतात, आणि खुबा वांकला कीं वरून ताणले जातात. १९९६ सालीं डेल्प प्रभृतींनीं अशा मुलांची चाल प्रतिकृतींत घालून लांबी मोजली. बहुतेकांचे मांडीमागचे स्नायु निरोगी माणसाइतके किंवा त्याहूनही लांब निघाले! आखूड होता तो कण्यापासून खुब्यापुढून मांडीच्या हाडाला जाणारा स्नायु. जो बंध नडत नव्हता तोच कापला, तर स्नायु दुबळा होऊन कंबर पुढें झुकण्याचें भय असतें. आणि कापलेला बंध पूर्ववत् होत नाहीं.

२००७ सालीं ओपनसिम ही आज्ञावली स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून विनामूल्य खुली झाली, आणि ही विद्या साध्या संगणकावर शिकतां येऊं लागली. विद्यार्थी सर्वसाधारण प्रतिकृति त्या व्यक्तीच्या मापाला बेतून घेतो. मग अंगावरील खुणांवरून सांध्यांचे कोन, जमिनीवरील दाबावरून सांध्यांवरचा जोर, व शेवटीं स्नायूंची ओढ काढतो. फिशर यांनीं ज्यांत वर्षें घालविलीं तसलें कोष्टक आतां मिनिटांत तयार होतें. धोका आहे तो इथेंच, कारण चुकीच्या मापांवरही संगणक तितक्याच ठामपणें उत्तर देतो. डेल्प यांच्या प्रतिकृतींतील स्नायूंचीं मापेंही प्रेतांवरूनच आलीं होतीं, आणि तीं प्रौढांचीं होतीं. आठ वर्षांच्या आजारी मुलाची मांडी म्हणजे त्या मापांची केवळ लहान आवृत्ति नव्हे. म्हणून जाणते शिक्षक चालणाऱ्याच्या त्वचेवर विद्युदग्रें लावून कोणता स्नायु केव्हां जागा होतो याची नोंद घ्यावयास लावतात, आणि संगणकाचें उत्तर त्या नोंदीशेजारीं ठेवतात. दोन्ही जुळलीं नाहींत, तर पुन्हां मापांपासून आरंभ करावा लागतो.